रोजचं विरजण, पंचाहत्तर हजार पिढ्या

घरचं विरजण ही वर्षानुवर्षं न तुटणारी साखळी असते. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या कोमट दुधात, आजच्यातलं उद्याच्या दुधात. एखाद्या दिवशी दही फार आंबट झालं किंवा तार धरू लागलं, तर शेजारून वाटीभर आणायचं आणि साखळी पुन्हा सुरू करायची. एरवी आजच्या वाटीतले जिवाणू दहा वर्षांपूर्वीच्या वाटीतल्या जिवाणूंचे थेट वंशज असतात आणि मधे हजारो पिढ्या होऊन गेलेल्या असतात. ते अजून तसेच आहेत की बदलले, हा प्रश्न स्वयंपाकघरात कुणाला पडत नाही, आणि पडला तरी त्याचं उत्तर मिळायचं नाही. कारण दहा वर्षांपूर्वीचं दही कुणी ठेवलेलं नसतं. ते केव्हाच भातात कालवून खाल्लेलं असतं.

रिचर्ड लेन्स्की या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचं मर्म या दोनच गोष्टींत आहे: रोजचं विरजण आणि जुनं दही जपून ठेवायची सोय. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रयोगशाळेत, त्यांनी ई. कोलाय जातीच्या जिवाणूंनी बारा चंबू भरले. हे जिवाणू आपल्या आतड्यातही राहतात. लेन्स्की यांनी घेतलेला वाण मात्र निरुपद्रवी आणि प्रयोगशाळेत मुरलेला होता. बाराही चंबूंतले जिवाणू जवळपास एकाच पूर्वजाची संतती होते. फरक एका खुणेचा: ठरावीक खाद्य घातलेल्या ताटलीवर सहा चंबूंतल्या जिवाणूंच्या वसाहती लाल दिसत, तर उरलेल्या सहांतल्यांच्या पांढरट. चंबूत दहा मिलिलिटर पातळ द्रावण, त्यात अगदी थोडं ग्लुकोज, तापमान ३७ अंश सेल्सिअस, खाली सतत हलणारं तबक. ग्लुकोज काही तासांतच संपतं आणि उरलेला दिवस जिवाणू उपाशी काढतात. दुसऱ्या दिवशी पिपेटने चंबूतला ०.१ मिलिलिटर भाग उचलायचा, ९.९ मिलिलिटर ताज्या द्रावणात सोडायचा आणि तो नवा चंबू पुन्हा तबकावर ठेवायचा. कालच्या संख्येचा शंभरावा भाग पुढे गेला, तो दिवसभरात पुन्हा शंभरपट झाला. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस: शंभरपट व्हायला साडेसहाच्या आसपास दुपटी लागतात, म्हणजे दिवसाला साडेसहा पिढ्या आणि वर्षाला सुमारे चोवीसशे. लाल-पांढऱ्या खुणेचा उपयोग इथेच होतो. एक लाल, एक पांढरा अशा क्रमाने चंबू हाताळायचे. शेजारच्या चंबूतला थेंब चुकून दुसऱ्यात पडला, तर ताटलीवर चुकीच्या रंगाची वसाहत उगवते आणि चोरी उघडी पडते.

आणि दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे साधारण अडीच महिन्यांनी, प्रत्येक चंबूतला नमुना ग्लिसरॉल मिसळून उणे ८० अंशांवर गोठवायचा. गोठलेले जिवाणू मरत नाहीत. वितळवून खाऊ घातलं की पुन्हा वाढू लागतात. या शीतकपाटामुळे प्रयोगाची जात बदलली. जीवाश्मांच्या अभ्यासकाला पूर्वज मिळतो तो दगड होऊन. लेन्स्की यांना तो जिवंत मिळतो. त्याला त्याच्याच हजारो पिढ्यांनंतरच्या वंशजाबरोबर एका चंबूत सोडता येतं आणि दोघांतला कोण वेगाने वाढतो ते मोजता येतं.

लेन्स्की यांची सुरुवात मात्र चंबूपासून झाली नाही. १९५६ साली जन्मलेल्या या माणसाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९८२ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती जंगलातल्या जमिनीवर फिरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या परिसंस्थेवर. रानातल्या कामाची गंमत मोठी, पण त्यात एक अडचण असते आणि ती कितीही कष्ट केले तरी सुटत नाही. यंदा पाऊस जास्त झाला, शेजारचं झाड पडलं, शिकारी पक्षी कमी आले; भुंगेऱ्यांच्या संख्येत फरक पडला तर तो नक्की कशाने, हे सांगता येत नाही, आणि तेच वर्ष पुन्हा घडवून पाहता येत नाही. पुढे ॲमहर्स्ट इथे ब्रूस लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत ते जिवाणू आणि जिवाणूभक्षी विषाणूंकडे वळले. बाहेरून पाहणाऱ्याला हा विषयांतराचा प्रकार वाटेल, पण मला ते मूळ प्रश्नाशी राखलेलं इमान वाटतं. प्रश्न उत्क्रांतीचाच होता. फक्त तो विचारण्यासाठी असा जीव हवा होता, ज्याचा इतिहास पुन्हा पुन्हा घडवता येईल.

इथे या लेखाचा मुद्दा सांगून टाकतो. उत्क्रांतीचं शास्त्र मागे वळून पाहणारं आहे, घडून गेलेल्या गोष्टींच्या खुणा जोडून कथा रचणारं आहे, त्यात प्रयोगाला जागा नाही, असा आक्षेप आजही सुशिक्षित माणसांकडून ऐकू येतो. त्यावरचं नेहमीचं उत्तर असं की, पहा, प्रयोगशाळेत उत्क्रांती डोळ्यांसमोर घडते. ते खरं आहे, पण मला अपुरं वाटतं. उत्क्रांती घडते हे दाखवायला जिवाणूंची दोन-चार वर्षंही पुरली असती. लेन्स्की यांच्या कारकिर्दीतून निघालेली गोष्ट त्याहून खोल आहे: उत्क्रांतीत इतिहासाचं वजन किती, हेसुद्धा प्रयोगाने मोजता येतं. जे शास्त्र ‘फक्त इतिहास’ म्हणून हिणवलं गेलं, त्याने इतिहासालाच तराजूत घातलं.

प्रश्न जुना आहे. स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात असं मांडलं होतं की, पृथ्वीवरच्या जीवसृष्टीची टेप मागे गुंडाळून पुन्हा सुरू केली, तर दर वेळी वेगळीच गोष्ट ऐकू येईल. माणूस पुन्हा दिसेलच असं नाही. केंब्रिजचे जीवाश्मशास्त्रज्ञ सायमन कॉनवे मॉरिस यांचं म्हणणं उलट. डोळा, पंख, माशासारखा निमुळता देह या गोष्टी वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा आल्या, म्हणजे मार्ग मोजकेच आहेत आणि टेप पुन्हा लावली तरी सूर साधारण तोच निघेल. वाद रंगला, पण निकाल लागणार कसा? टेप एकच, आणि ती एकदाच वाजलेली. बारा चंबू म्हणजे त्याच टेपच्या शेजारी शेजारी लावलेल्या बारा प्रती. शीतकपाट म्हणजे मागे गुंडाळायचं बटण.

पहिली काही वर्षं कॉनवे मॉरिस यांच्या बाजूचीच वाटावी अशी गेली. २,००० पिढ्यांचा पहिला मोठा अहवाल १९९१ मध्ये ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये आला, तेव्हा बाराही चंबूंतले जिवाणू पूर्वजापेक्षा स्पष्टपणे वेगाने वाढत होते आणि बारांचे आलेख एकमेकांना बिलगून चालले होते. बाराही ठिकाणी पेशींचा आकार वाढला. बाराही ठिकाणी रायबोज नावाची साखर पचवण्याची क्षमता गेली. ती साखर द्रावणात नव्हतीच, आणि ती यंत्रणा गमावणाऱ्याला किंचित फायदाच होत होता. वाढीचा वेग आधी झपाट्याने आणि मग हळूहळू सुधारत गेला. तो कधीतरी एका छताला टेकेल अशी अपेक्षा होती. २०१३ मध्ये ५०,००० पिढ्यांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा दिसलं की, छत नाही. सुधारणा मंदावत जाते, पण थांबत नाही. तोवरचे वंशज मूळ पूर्वजापेक्षा सुमारे ७० टक्के वेगाने वाढत होते. रोज तोच चंबू, तेच तापमान, तीच साखर, आणि तरीही पंचवीस वर्षांनंतर सुधारायला वाव शिल्लक. परिस्थिती बदलली नाही तर उत्क्रांती थांबते, हा समज पाठ्यपुस्तकांच्या कडेकपारीत अजून आढळतो. या एका आलेखाने तो निकालात काढायला हवा होता.

या साम्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. उत्परिवर्तन म्हणजे जनुकीय मजकुरातली नक्कल करताना झालेली चूक. ती गरज ओळखून होत नाही, आपली होत राहते. १९४३ मध्ये सॅल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रूक यांनी हे जिवाणूंवरच्याच एका देखण्या प्रयोगातून दाखवलं होतं. ई. कोलायचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा. चूक एका पेशीपुरती विरळाच, हजार-दोन हजार नकलांत एखादी. पण चंबूत दिवसाला पन्नास कोटींच्या आसपास पेशी तयार होतात. म्हणजे रोज, प्रत्येक चंबूत, लाखांच्या घरात नव्या चुका. ढोबळ हिशेबाने वर्षभरात मजकुरातलं जवळपास प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या पेशीत एकदा तरी बदलून पाहिलं जातं. बहुतेक बदल दुसऱ्या दिवशीच्या ९९ टक्क्यांबरोबर फेकले जातात. फायद्याचे थोडे तगतात आणि पसरतात. एक अक्षर बदलून मोठा फायदा मिळत असेल, तर तो बाराही चंबूंना आज ना उद्या मिळणारच. इथे योगायोग कच्चा माल पुरवतो, पण माल इतका मुबलक की निकाल जवळजवळ ठरल्यासारखा.

असं असेल तर इतिहासाला वजन शून्य. पण आलेखाखाली पाहिलं की बारा चंबू दिसतात तितके एकसारखे नव्हते. सहा चंबूंत नक्कल तपासणारी यंत्रणाच बिघडली आणि तिथे चुकांचा वेग कितीतरी पटींनी वाढला. उरलेल्या सहांत नाही. एका चंबूत मोठ्या आणि लहान वसाहती करणारे दोन वंश वेगळे झाले आणि हजारो पिढ्या एकमेकांना संपवल्याशिवाय शेजारी नांदले. १९९५ मध्ये लेन्स्की आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये आणखी एक युक्ती मांडली. ग्लुकोजवर वाढलेल्या वंशांना अचानक माल्टोज या साखरेवर सोडलं. सुरुवातीला कुणाचा वेग बरा, कुणाचा फारच मंद. ग्लुकोजवर सगळे सारखे दिसत होते, तरी प्रत्येकाने आपला वेगळा भूतकाळ पोटात बाळगला होता. हजार पिढ्यांत माल्टोजवर ते पुन्हा बरेचसे सारखे झाले. पेशींच्या आकारात मात्र भूतकाळाचा ठसा टिकून राहिला. जगणं-वाढणं ज्यावर थेट अवलंबून आहे तिथे निवड इतिहास पुसते. जिथे अवलंबून नाही तिथे तो तसाच राहतो. एखाद्या तत्त्वज्ञाने नुसत्या तर्काने हे सांगितलं असतं तर आपण मान डोलावली असती. इथे आकडा होता.

मग जानेवारी २००३ उजाडला. एके दिवशी पाळीवर असलेल्या संशोधकाने तबकावरून चंबू उचलले, तर अकरा नेहमीसारखे जेमतेम धूसर आणि एक चक्क गढूळ. इतक्या थोड्या ग्लुकोजवर एवढी दाट वाढ होणं शक्यच नव्हतं. पहिला संशय बाहेरचा जिवाणू शिरल्याचा, आणि तो रास्तच होता. द्रावणात लोह विरघळलेलं राहावं म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ग्लुकोजच्या कितीतरी पट जास्त, आणि ते खाणारे जिवाणू पुष्कळ आहेत. ई. कोलायला मात्र हवेत, म्हणजे ऑक्सिजनच्या सान्निध्यात, सायट्रेट पचवता येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ई. कोलाय ओळखण्याच्या चाचण्यांमध्ये ही एक चाचणी मुलांना करायला लावतात. पंधरा वर्षं हे खाद्य त्यांच्या नाकासमोर होतं, ताट वाढलेलं आणि हात बांधलेले. तपासणीत जनुकीय खुणा जुळल्या: गढूळ चंबूतले जिवाणू त्याच पूर्वजाचे वंशज होते आणि हवेत सायट्रेट खात होते. गोठवलेल्या नमुन्यांत मागे शोधत गेल्यावर या गुणाची सुरुवात ३१,५०० पिढ्यांच्या आसपास सापडली.

आता खरा प्रश्न. हे केवळ एक अति-दुर्मीळ उत्परिवर्तन होतं, जे कुठल्याही चंबूत कधीही होऊ शकलं असतं? की या चंबूत आधी काही घडून गेलं होतं, ज्याने दार किलकिलं करून ठेवलं होतं? पहिल्या शक्यतेत इतिहासाचं वजन नाही, दुसऱ्या शक्यतेत आहे, आणि दोन्हींचे अंदाज वेगळे आहेत. झॅकरी ब्लाउंट या तेव्हाच्या विद्यार्थ्याने बटण दाबून टेप मागे नेली. त्याच चंबूच्या वेगवेगळ्या पिढ्यांचे गोठवलेले जिवाणू जागे केले आणि प्रत्येकाला पुन्हा पुन्हा संधी दिली. नुसतं दुर्मीळ उत्परिवर्तन असेल तर कुठल्याही पिढीपासून सुरुवात केली तरी ते सारख्याच शक्यतेने यायला हवं. पण मूळ पूर्वजातून आणि सुरुवातीच्या पिढ्यांतून, लाखो कोटी पेशी तपासूनही, एकदाही आलं नाही. जे काही मोजके वंशज सायट्रेट खायला शिकले, ते सगळे २०,००० पिढ्यांनंतरच्या जिवाणूंपासून निघालेले. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाट आधी कुणीतरी मळून ठेवली होती, आणि मळणाऱ्याला ती कुठे जाते हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

चार वर्षांनी जनुकांचा पूर्ण मजकूर वाचून यंत्रणाही उलगडली. ई. कोलायकडे सायट्रेट आत घेणाऱ्या प्रथिनाचं जनुक पहिल्यापासून आहे, पण त्याचा दिवा फक्त ऑक्सिजन नसताना लागतो. या चंबूत मजकुराचा सुमारे २,९०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा छापला गेला. दुसऱ्या प्रतीत ते जनुक अशा शेजाऱ्याच्या मागे जाऊन बसलं, ज्याचं बटण ऑक्सिजन असतानाही चालू राहतं. जुन्या दिव्याची वायर दुसऱ्या खोलीच्या बटणाला जोडली गेली, इतकंच. पण पहिल्या दिवशी तो दिवा अगदी मिणमिणता होता. आधीच्या काही बदलांनी पेशी तयार करून ठेवल्या नसत्या, तर या जोडणीचा उपयोग झाला नसता; आणि नंतर त्या तुकड्याच्या आणखी प्रती झाल्या नसत्या, तर चंबू गढूळ व्हायची वेळ आली नसती. आधीची तयारी, मधली ठिणगी, नंतरची वाढ. यातल्या मधल्या टप्प्याचंच कौतुक होतं, कारण तोच डोळ्यांना दिसतो.

या निष्कर्षावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप २०१६ मध्ये आला आणि तो शास्त्राच्याच दालनातून आला, म्हणून त्याची दखल नीट घ्यायला हवी. आयडाहो विद्यापीठातल्या संशोधकांनी ई. कोलायला जास्त काळ, जवळपास फक्त सायट्रेटवर ठेवलं. काही आठवड्यांतच, काही वेळा तर डझनभर पिढ्यांतच, सायट्रेट खाणारे जिवाणू मिळाले; तेही वारंवार, आणि बदलही त्याच धाटणीचे. त्यांचं म्हणणं असं की, पंधरा वर्षं लागली ती प्रयोगाच्या रचनेमुळे. दुर्मिळतेचा आणि इतिहासाच्या ओझ्याचा फार गाजावाजा झाला. माझ्या मते हा आक्षेप निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा भाग महत्त्वाचा आहे. हा गुण मिळवणं ई. कोलायच्या आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी समजत असेल, तर ते चूक ठरलं. पण ‘इतिहासाला वजन नाही’ हे त्यातून निघत नाही. आयडाहोच्या जिवाणूंसमोर दुसरं ताटच नव्हतं. मिणमिणता दिवाही तिथे जीव वाचवत होता. लेन्स्की यांच्या चंबूत रोज सकाळी ग्लुकोज येतं, त्यामुळे मिणमिणत्या दिव्याला किंमत नाही, आणि तिथे पूर्वतयारी निर्णायक ठरते. पुरावा समोरच आहे: तेच द्रावण, तेच सायट्रेट, तितक्याच पिढ्या, आणि उरलेल्या अकरा चंबूंनी ते खाद्य आजवर चाखलेलं नाही. इतिहासाचं वजन परिस्थितीनुसार कमी-जास्त होतं, असं या दोन प्रयोगांना शेजारी ठेवल्यावर म्हणावं लागतं. सगळीकडे सारखंच वजन सांगणारा तराजू खरं तर संशयास्पद वाटायला हवा.

दुसरा आक्षेप नेहमीचा: काहीही झालं तरी जिवाणू तो जिवाणूच राहिला, त्याचा मासा झाला नाही. यात अपेक्षा कुठल्या काळाची आणि कुणाकडून, याचा विचार नाही. एकपेशीय जीवांपासून बहुपेशीय प्राणी निघायला पृथ्वीवर अब्जावधी वर्षं गेली. चौतीस वर्षांत मासा मिळाला असता, तर उत्क्रांतीचा सिद्धांत खोटा ठरला असता. शिवाय ज्या गुणाच्या अभावावरून आपण एका प्रजातीला ओळखतो, तोच गुण तिच्या वंशजांत येणं ही गोष्ट प्रजातींच्या सीमांबद्दल बरंच काही सांगते. तिसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. चंबू म्हणजे निसर्ग नव्हे. बरोबर. या जिवाणूंत लैंगिक पुनरुत्पादन नाही, शेजाऱ्याकडून जनुकं उसनी घ्यायची सोय नाही, शिकारी नाही, ऋतू नाहीत. रानातल्या जिवाणूंत जनुकांची देवाणघेवाण प्रचंड चालते. रुग्णालयात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू पसरतात त्यात तिचा मोठा हात असतो, आणि त्याबद्दल हे बारा चंबू फारसं काही सांगू शकत नाहीत. रानातली बाजू दुसऱ्यांनी सांभाळली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून चार दशकं गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या इवल्याशा बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७च्या दुष्काळात कठीण बिया फोडू शकणाऱ्या जाड चोचीचे पक्षी कसे तगले हे त्यांनी दाखवलं. तिथे निसर्ग खरा आहे, पण बेट एकच आहे. चंबू खोटे आहेत, पण बारा आहेत. पुण्याच्या ‘आयसर’मध्येही जिवाणू आणि फळमाश्या घेऊन अशा प्रायोगिक उत्क्रांतीचं काम चालतं, आणि तिथेही हाच सौदा करावा लागतो: वास्तवाचा एक भाग सोडायचा आणि बदल्यात पुनरावृत्ती घ्यायची.

आता कारकिर्दीकडे परत. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, संशोधनाच्या अनुदानाला तीन ते पाच वर्षं, नेमणुकीच्या समितीला गेल्या दोन-तीन वर्षांतले शोधनिबंध. विद्यापीठीय विज्ञानाचं घड्याळ असं चालतं. पाच वर्षांत चंबूत बारा हजार पिढ्या होतात. सायट्रेट खाणारा जिवाणू त्यानंतर साडेएकोणीस हजार पिढ्यांनी आला. म्हणजे त्या घड्याळाप्रमाणे चाललेला प्रयोग ‘बाराही चंबू सारखेच’ असा निष्कर्ष काढून सन्मानाने संपला असता, आणि तो निष्कर्ष प्रामाणिक असूनही अपुरा ठरला असता. लेन्स्की यांनीही सुरुवातीला दोनेक हजार पिढ्यांचाच आराखडा डोळ्यांसमोर ठेवला होता. पुढे संगणकातल्या स्वतःची नक्कल करणाऱ्या आज्ञावलींवर, म्हणजे डिजिटल जीवांवर, त्यांचं लक्ष गेलं. त्या कामावरचा त्यांचा निबंध २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्या ओढीत चंबूंचा प्रयोग बंद करण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता आणि जवळच्यांनी त्यांना परावृत्त केलं. एकाच माणसाच्या हातात इतकी लांब दोरी असण्याचा धोका जुना आहे. विल्यम डॅलिंजर या इंग्रज धर्मोपदेशकाने १८८०च्या दशकात सूक्ष्मजीवांचं तापमान अतिशय सावकाश, सात वर्षं वाढवत नेलं, ६० अंश फॅरेनहाइटपासून थेट १५८ अंशांपर्यंत, आणि ते जीव जगत राहिले. मग एका अपघातात उपकरण मोडलं आणि सगळं संपलं. त्याच्याकडे गोठवलेला पूर्वज नव्हता.

लेन्स्की यांच्या प्रयोगाला अपघात झालेच नाहीत असं नाही. चंबू सांडले, तबकं बंद पडली, चुकीचे थेंब चुकीच्या जागी गेले. पण दर वेळी मागच्या नमुन्यापासून पुन्हा सुरुवात करता आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगन स्टेट विद्यापीठात बिऱ्हाड हलवलं तेव्हा जिवाणू गोठून गेले आणि तिथे जाऊन जागे झाले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सगळे चंबू शीतकपाटात विसावले आणि काही महिन्यांनी जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागले. या काळात विद्यार्थी आले, शिकले, प्राध्यापक झाले. त्यांतले अनेकजण शनिवार-रविवारच्या पाळीला पिपेट हातात धरून उभे राहिलेले. रोजचं ते दहा-वीस मिनिटांचं काम शोधनिबंधाच्या एका ओळीतही मावत नाही. प्रयोगाचा खर्चही मोठा नाही, काच आणि साखर स्वस्तच असते. महाग होती ती एक गोष्ट: उत्तर कधी येईल, आणि येईल की नाही, हे माहीत नसताना कायम नोकरीतल्या एका प्राध्यापकाला पस्तीस वर्षं तोच प्रश्न विचारत राहण्याची मुभा. भारतातल्या विद्यापीठांत प्रकल्पांचे आराखडे तपासणाऱ्यांनी या एका रकमेचा हिशेब करून पाहावा, एवढी विनंती इथे अस्थानी ठरू नये.

जून २०२२ मध्ये, ७५,००० पिढ्यांच्या सुमारास, बारा चंबूंचा वंश मिशिगनहून टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, जेफ्री बॅरिक यांच्या प्रयोगशाळेत गेला. बॅरिक हे लेन्स्की यांच्याकडेच संशोधन करून गेलेले. माणसाच्या एका पिढीला पंचवीस वर्षं धरली तर पंचाहत्तर हजार पिढ्या म्हणजे जवळपास एकोणीस लाख वर्षं. तेवढा काळ बारा चंबूंत मावला, आणि त्यातला प्रत्येक पाचशेवा टप्पा शीतकपाटात जिवंत आहे. रोज कुणीतरी ०.१ मिलिलिटर उचलून पुढच्या चंबूत सोडतं. सायट्रेट खाणारा चंबू अजूनही एकच आहे.